तात्यांचा नो क्लेम बोनस

“थांब!” स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडली.

थांबायला हवं होतं. पण गाडी मागे घेताना कुणी मला ‘थांब’ म्हटलं, की मी आधी त्या सूचनेत कितपत तथ्य आहे याचा विचार करायला लागतो. मी आरशात पाहिलं. आरशात पेरूचं झाड दिसत होतं आणि ते पुष्कळ लांब होतं. म्हणून मी आणखी थोडा मागे आलो. धाडकन आवाज झाला, गाडी हादरली आणि मागे काच खळ्ळकन फुटली. आमच्या अंगणातला धुण्याचा दगड आरशात दिसत नाही. तसा तो त्या जागी माझ्या जन्माच्या आधीपासून होता.

“थांब म्हटलं नव्हतं का?” आई म्हणाली. तिचे दोन्ही हात वड्याच्या पिठाने भरलेले होते.

“तू उशिरा म्हणालीस.”

“दोनदा म्हटलं.”

“काय फुटलं गं?” आतून हौसाआत्याने विचारलं. “दगड बरा हाय न्हवं?”

मी खाली उतरलो. दगड उत्तम होता. गाडीचा मागचा उजवा दिवा गेला होता आणि त्याच्या खालचा पत्रा चांगला आत गेला होता. आजवर त्या गाडीला साधा ओरखडासुद्धा नव्हता, आणि तासाभरात विम्याचे फोटो काढायला माणूस येणार होता. माझं नाव दिग्विजय आहे. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. दिशा मला कागदावर अगदी व्यवस्थित कळतात.

गाडी तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. राखाडी रंगाची, लहानशी, मिरजेच्या गल्ल्यांत मावणारी. चैत्रात तात्या गेले, कुणाला काही त्रास न देता, दुपारच्या झोपेत. गाडी शेडमध्ये कापडाखाली तशीच राहिली.

तात्यांना आयुष्यात फारसे मानसन्मान मिळाले नाहीत. एकच मिळाला, तो विमा कंपनीकडून. वर्षभर तुम्ही गाडीच्या नुकसानीची भरपाई मागितली नाही, तर पुढच्या हप्त्यात कंपनी सवलत देते. ती दरवर्षी वाढत जाते आणि पन्नास टक्क्यांवर जाऊन थांबते. मध्येच एकदा दावा केलात, की पुन्हा शून्यापासून सुरुवात. याला नो क्लेम बोनस म्हणतात. तात्यांचा बोनस पन्नासवर पोचला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. इतरांच्या घरी बाप पोराच्या मार्कांचं कौतुक सांगतात. आमच्याकडे ती सोय मी ठेवली नव्हती, म्हणून तात्या बोनसचं सांगायचे. लग्नात सांगायचे, बारशाला सांगायचे, एकदा तर सलाइन लावायला आलेल्या सिस्टरला त्यांनी सांगितलं, “पन्नास टक्के. याच्या वर नसतंच.”

माझा स्वतःचा बोनस चारचौघांत काढण्यासारखा नव्हता. मीही मध्यंतरी एक जुनी गाडी घेतली होती. तिच्यामुळे विमा कंपनीशी माझा इतका घरोबा झाला, की दाव्याच्या विभागातली बाई फोनवर आवाजावरून मला ओळखायची. शेवटी मी ती गाडी विकली आणि दोघांनाही बरं वाटलं असावं.

तात्यांचे दिवसवार झाल्यावर आमचे विमा एजंट इरफान बारगीर भेटायला आले होते. बारगीर तात्यांचे जुने स्नेही. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“सर, एक सांगून ठेवतो. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गेला की त्याच्या वारसाला मिळतोय. काकूंना नाहीतर तुम्हाला, कुणातरी एकाला. पॉलिसी आषाढाच्या तोंडाला संपतीय. संपल्यावर नव्वद दिवसांत केलं तर ठीक. त्याच्या पुढं गेलात, तर तात्यांनी मिळवलेलं सगळं पाण्यात.”

यातलं ‘वारसाला मिळतोय’ एवढंच माझ्या कानात शिरलं. त्याच महिन्यात मी मिरजेतच एका शोरूममध्ये लाल रंगाची एक गाडी बघितली होती. नुसती बघितली नव्हती, आत बसून रेडिओही लावून पाहिला होता. वर्ष सरल्यावर माझ्यासाठी मुली बघायला जायचं होतं, आणि राखाडी गाडीतून जाऊन आपलं लग्न जमणार नाही असं माझं ठाम मत झालं होतं. मुलगी बघायला जाणाऱ्याने स्वतः आरशात बघावं, हे काही मला सुचलं नाही. तात्यांची गाडी माझ्या नावावर करायची, मग ती विकायची आणि पन्नास टक्के बोनस लाल गाडीवर न्यायचा, असा माझा बेत होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता.

पण ते लांबतच गेलं. हौसाआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. ती बेडगला राहते, पण तात्या गेल्यापासून दर आठ-पंधरा दिवसांनी आमच्याकडे येऊन राहायची. पॉलिसी संपली तेव्हा ती म्हणाली, “आषाढात नको. श्रावण लागू दे.”

श्रावण लागला तेव्हा मी विसरलो. मग गणपती आले. गणपती उठले आणि मी कागद काढले, तर आत्या म्हणाली, “आता पंधरवडा लागला न्हवं? पितरांच्या पंधरवड्यात नवं कायबी करत न्हाईत.”

“आत्या, खरेदी नाही गं. विम्याचा कागद आहे.”

“नाव बदलायचं हाय न्हवं? मग?”

मी वर्गात टेबलावर चेंडू आणि बॅटरी ठेवून पोरांना ग्रहण समजावून सांगतो, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं असं बजावतो. त्यामुळे मी आत्याला चार गोष्टी सुनवायला हव्या होत्या. पण पंधरवडा पाळला तर पंधरा दिवस आरटीओच्या खेपा टळत होत्या. मी तत्काळ परंपरेचा मान राखला.

मग एका संध्याकाळी बारगीरांचा फोन आला. “सर, उद्या शेवटचा दिवस. कागद मी तयार ठेवलेत, आरटीओचंही माझ्याकडं लागलं. पण विमा संपलेल्या गाडीचे फोटो लागतात. सकाळी येतो. गाडी तेवढी उजेडात काढून ठेवा.”

उद्या म्हणजे सर्वपित्री अमावस्या. घरात आजोबा-पणजोबांचं पान होतं. तात्यांना वर्ष व्हायचं असल्यामुळे ते अजून रांगेत होते. आई आणि आत्या पहाटेपासून वडे, खीर, गवारीची भाजी आणि भोपळा यात गुंतल्या होत्या. मी गाडी उजेडात काढली, ती अशी.

बारगीर आले. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, गाडीला एक चक्कर मारली आणि मागे येऊन थांबले.

“हे कधी?”

“आत्ताच,” मी म्हणालो.

“कुणी ठोकली?”

मी दगडाकडे पाहिलं. बारगीरांनीही पाहिलं.

“सर, तुम्ही नशीबवान बघा,” ते म्हणाले. “विमा चालू असता तर तुम्ही दावा केला असता, आणि बोनस गेला असता. आता विमाच नाही, म्हणून दावा नाही, म्हणून बोनस शाबूत. दिवा तुमच्या खर्चानं बसवा. मी ‘मागं पोचा आहे’ असं लिहितो.”

माझ्या ड्रायव्हिंगबद्दल इतकं चांगलं कुणीच कधी बोललं नव्हतं. बारगीरांनी चारी बाजूंनी फोटो काढले. मी गाडी चालू करून दाखवली. मग ते ओसरीवर बसले आणि कागद मांडीवर घेऊन त्यांनी पेन उघडलं.

“बोला सर. वारस म्हणून नाव कुणाचं घालू?”

“माझं,” मी म्हणालो.

“माझं,” आई म्हणाली.

ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती. बारगीरांचं पेन तसंच राहिलं.

“आई, तुला गाडी चालवता येत नाही,” मी समजुतीच्या सुरात म्हणालो. विद्यार्थ्यांना मी याच सुरात नापास झाल्याचं सांगतो.

“माहितीय मला.” तिने पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. “बारगीर, बोनस माणसाचा असतो म्हणाला होतात ना तुम्ही?”

“होय काकू.”

“का मिळतो तो?”

“गाडी कुठं ठोकली नाही, भरपाई मागितली नाही, म्हणून.”

“मग ती ठोकू दिली नाही कुणी?”

बारगीर माझ्याकडे बघायला लागले. मला हसू आलं. ते आवरायला हवं होतं, पण तेही मी उशिराच आवरलं.

आईचं म्हणणं काय होतं, ते मला लगेच कळलं. तात्या गाडी चालवायचे तेव्हा आई त्यांच्या डाव्या हाताला बसायची आणि घरापासून मुक्कामापर्यंत बोलायची. “अहो, हळू. अहो, सायकलवाला. अहो, डावीकडं बघा. अहो, म्हैस.” तात्या दर वेळी म्हणायचे, “दिसतंय मला,” आणि दर वेळी ब्रेक दाबायचे. मागे बसून मला लाज वाटायची. कॉलेजातलं कुणी बरोबर असलं, की मी खिडकीबाहेर तोंड करून उसाचं निरीक्षण करायचो.

“अंकलीच्या पुलावर उसाची ट्रॉली उलटी मागं यायला लागली,” आई म्हणाली, “तेव्हा हे नदीला किती पाणी आलंय ते बघत होते. कुणी थांबवलं? गणेश तलावापाशी पोरगं चेंडूमागनं धावत आलं, तेव्हा कोण ओरडलं? जोतिबाच्या वळणावर तर ह्यांना जांभई आली होती.”

“पण चाक तर तात्यांच्या हातात होतं ना?”

“आत्ता तुझ्या हातात होतं की. मी थांब म्हटलं.” तिने फुटलेल्या दिव्याकडे बोट केलं. “ते ऐकायचे.”

बारगीरांनी सरळ माझ्याकडे पाठ करून दगडाकडे तोंड केलं. पण मी असा सहजासहजी हरणारा नाही. आपण हरलोय हे कळायलाच मला वेळ लागतो.

“बरं, नावावर करून घेशील. मग गाडीचं करणार काय?”

“शिकेन.”

“या वयात?”

“दिसत नाही का मला? का ऐकू येत नाही? नाही जमलं तर उभी राहील शेडमध्ये. तुझ्या लाल गाडीला जागा नाही झाली, तर नाही.”

मी दचकलो. लाल गाडीचं हिला कुणी सांगितलं? आत भांड्याचा आवाज झाला आणि मला उत्तर मिळालं. शोरूमसमोरच्या थांब्यावर आत्याची बेडगची एसटी थांबते.

“तू ही विकणार,” आई म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. “बोनस घेऊन जाणार. जा बापडा, तुझंच आहे सगळं. पण दिगू, ह्यांच्या नावाचं एकेक बंद होत चाललंय. मोबाइल बंद केलास. बँकेतलं खातं बंद झालं. रेशन कार्डावरनं नाव गेलं. प्रत्येक वेळी तू ‘सही कर’ म्हणालास आणि मी केली. हे एकच असं आहे की जे पुढं चालू राहतंय. ते आम्ही दोघांनी मिळून कमावलंय. ते मला पाहिजे.”

आई एवढं बोलत नाही. गाडीत बोलायची तेवढंच. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जे करतो तेच केलं. माझी बाजू घेणारं कुणीतरी शोधलं.

“आत्या!” मी आत हाक मारली. “तूच सांग. पंधरवड्यात नाव बदलायचं नाही, असं तूच म्हणालीस ना? आणि हिला गाडी कशाला गं?”

हौसाआत्या बाहेर आली. तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि ओसरीच्या पायरीवर टेकली. ती माझ्याच बाजूने बोलणार याबद्दल मला शंका नव्हती. बाईमाणसाने गाडी चालवावी हे तिला पटणं शक्य नव्हतं.

“शालन, तुझी आई आजारी हुती, तू म्हैनाभर म्हायेरी हुतीस,” ती आईला म्हणाली. तात्यांना ती रंगा म्हणायची. “आठवतंय? तवा रंगा मला न्यायला बेडगला आलता. एकटाच.”

“हो, वन्सं. तुम्ही घर सांभाळायला आला होतात.”

“मी मागं बसले. ह्यो पुढं एकटाच. आन् रस्त्याला लागलो तसा बडबडायलाच लागला की. ‘अहो, हळू. अहो, सायकल. अहो, डावीकडं बघा.’ मला वाटलं, भावाचं डोकं फिरलं. मी म्हटलं, रंगा, कुणाला ‘अहो’ म्हणतोस रं? तर मला म्हणला, ‘आक्का, गप बस. शालन बोलतीया.’”

बारगीरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

“हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी,” आई म्हणाली.

“तुला कशाला सांगंल? आणखी जोर चढला असता तुला.” आत्या उठली. “आन् दिगू, पंधरवड्यात नवं काय करत न्हाईत. ह्यात नवं काय हाय? हे जुनंच हाय. ज्याचं त्याला द्यायचं. वडं करपलं बघ, शालन.”

आई वळून आत गेली. पिठाच्या हाताच्या मागच्या बाजूने ती डोळे पुसत होती आणि कपाळाला पीठ लागत होतं. मला त्या क्षणी लाल गाडी आठवली. तिच्यातला रेडिओ, तिची काळी सीट, सगळं आठवलं, आणि काहीही वाटलं नाही. मी बारगीरांच्या हातातला कागद घेतला आणि ‘माझी हरकत नाही’ या ओळीखाली सही केली. सही थोडी ओळीबाहेर गेली. सरळ रेषेत काही नेणं मला जमतच नाही.

बारगीर दुपारी जेवून गेले. पॉलिसी संध्याकाळच्या आत निघाली. कागदावर ‘शालन रंगराव माळवदे’ असं नाव होतं आणि खाली पन्नास टक्के. आईने ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मग देवघरात न ठेवता तात्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं.

ती खरंच शिकली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना सुरुवातीला त्रास झाला, कारण त्यांनी सूचना द्यायच्या आधी तीच त्यांना सूचना द्यायची. लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. तपासणीस साहेबाला ती म्हणाली होती, “अहो, पट्टा लावा आधी.” दुसऱ्यांदा पास झाली. लाल गाडी मी घेतली नाही. पुढे माझं लग्न झालं, ते राखाडी गाडीतून मुलगी बघायला जाऊनच झालं. माझी बायको अजून म्हणते, की तिने मला नाही, गाडी चालवणाऱ्या सासूला बघून होकार दिला. या सगळ्याला पुष्कळ वर्षं झाली. आईचा बोनस अजून पन्नास टक्के आहे. मला ती चावी देत नाही.

पण मला सांगायचं आहे ते तिच्या पहिल्या लांबच्या फेरीबद्दल. आत्याला बेडगला पोचवायचं होतं. आई चाकाशी बसली, आत्या मागे, आणि मी आईच्या डाव्या हाताला. मी मुद्दाम गप्प राहिलो होतो. मला वाटत होतं, आपण फार समजूतदारपणे वागतोय.

गाव मागे पडल्यावर आईने गाडी कडेला घेतली.

“बोल की,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“तिथं बसल्यावर बोलायचं असतं. हळू, डावीकडं बघ, असं.”

“बरं.” तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मी घसा खाकरला. “आई, हळू.”

“हळूच आहे. याच्यापेक्षा हळू केली तर मागं जाईल.”

आत्या मागे खुदखुदली. मी थोडा वेळ गेल्यावर “डावीकडे बघ” म्हणालो. डावीकडे ऊस होता. मग “सायकल” म्हणालो, तोवर सायकल मागे पडली होती. तात्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसून आई जे करत होती, ते मला एक मैलभरही जमेना. मी ओशाळून पुन्हा उसाचं निरीक्षण करायला लागलो. 

आणि मग, माळावरच्या वळणाच्या अलीकडे, समोर बघत, अगदी नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, “अहो, हळू. अहो, म्हैस.”

तिनेच ब्रेक दाबला. मी पुढे पाहिलं. वळणावरून खरंच म्हशी रस्त्यावर येत होत्या. मी तिला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“दिगू, गप बस,” ती हळूच म्हणाली. “रंगाशी बोलतीया.”

म्हशी रस्ता ओलांडून गेल्या. आईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.